गळाची काठी घ्यायची, पण पारखून



ऊस तुटून गेला, बिलाचा हप्ता खात्यावर पडला, की शेतकऱ्याच्या हातात चार पैसे खेळतात. सोसायटीचे देणे, खताचे पैसे, मुलांची फी हे सगळे भागल्यावर जे काही उरते, त्यात घरातला एखादा हौशी माणूस आपली एक हौस भागवतो. अलीकडे नदीकाठच्या गावांत ही हौस गळाच्या विकतच्या काठीची आहे. वजनकाट्यावर नंबर लावून बसलेल्या मंडळींत "काठी कोणती घ्यावी हो?" हा प्रश्न आमच्या कानावर वरचेवर येतो. कुणी दुकानदाराच्या सांगण्यावर घेतो, कुणी मोबाइलवर चित्र बघून मागवतो, आणि पहिल्याच मोठ्या माशाला काठीचा शेंडा मोडून हातात मूठ राहते.

ऊस, पाणी, खत सोडून पत्रिकेत हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. आमचे उत्तर साधे आहे. सभासदाचा पैसा वाया जाऊ नये, हे सांगणे पत्रिकेचेच काम आहे. दुसरे असे की, या काठीबरोबर नदीकाठचे काही धोकेही घरी येतात. ते दुकानदार सांगत नाही. म्हणून हा लेख.

आधी आपली नदी पाहा

बैल घेताना आपण रान पाहतो. काळ्या चिखलाच्या रानाला एक बैल, माळाला दुसरा. काठीचेही तसेच आहे. आपल्या बीड जिल्ह्याच्या उत्तर कडेने गेवराई, माजलगाव, परळी या तालुक्यांना लागून गोदावरी जाते. पाटोद्याकडच्या डोंगरात उगवलेली सिंदफणा माजलगावच्या धरणात अडते आणि पुढे मंजरथला गोदावरीला मिळते. दक्षिणेला केज-अंबाजोगाईकडे मांजरा, तिच्यावर धनेगावचे धरण. बिंदुसरा, कुंडलिका, वाण या आणखी लहान नद्या.

या आपल्या नद्या हिमालयातल्या नद्यांसारख्या बारमाही खळाळणाऱ्या नव्हेत. पावसाळ्यात त्या भरून वाहतात, मग बंधाऱ्यांचा फुगवटा, धरणाचे पाणी आणि डोह एवढेच उरतात. काठाला गाळ, वाळू, बाभळीच्या मुळ्या आणि बेशरमीची झुडपे. पाणी संथ आणि बहुधा गढूळ.

मासे कोणते? काठाजवळ चिलापी. धरणात आणि डोहात बीज सोडून वाढवलेले रोहू, मृगळ, कटला आणि सायप्रिनस. पाणवनस्पतीत दबा धरून बसणारी मरळ. दगडाच्या कपारीत आणि चिखलात वाम, शिंगाळा. गळाला रोज लागणारा मासा बहुतेक पाव किलोपासून दोन-तीन किलोपर्यंतचा असतो. पाच-सात किलोचा कटला लागतो, नाही असे नाही, पण तो वर्षाकाठी एखाद्या नशीबवानाला. तेव्हा काठी घ्यायची ती रोजच्या माशाची. जिथे बैलगाडीने भागते तिथे ट्रक विकत घेण्यात शहाणपणा नाही. समुद्रावर वापरायची बारा-तेरा फुटी जाडजूड काठी मांजरेच्या डोहावर नेणे म्हणजे तोच प्रकार.

वेळूची काठी कमी समजू नका

गळाने मासे धरण्याची हौस काही आजची नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात राजाच्या करमणुकींत मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांचे प्रकार, कोणत्या माशाला कोणते खाद्य, गळ आणि दोर यांचा विचार त्यात केलेला आहे. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या लातूर जिल्ह्याच्या शेजारचे. नऊशे वर्षांपूर्वी राजाने ज्याचा एवढा विचार केला, त्याचा आपण पैसे मोजण्याआधी घटकाभर विचार करायला हरकत नाही.

ज्याला काठावर तासभर बसून कालवणापुरत्या चिलाप्या हव्यात, त्याने विकतची काठी घेऊच नये. मानवेल जातीचा भरीव बांबू यासाठी उत्तम. दहा-बारा फुटांचा सरळ, कीड न लागलेला कळक निवडावा, पेरांवरचे डोळे तासून घ्यावेत, सावलीत आडवा ठेवून महिनाभर वाळवावा. उन्हात वाळवला तर तो चिरतो आणि वाकडा होतो. शेंड्याला दोरी बांधावी, पण एका टोकाला नुसती गाठ न मारता शेंड्यापासून हातभर खालपर्यंत वेटोळे देऊन बांधावी. शेंडा मोडला तरी दोरी आणि मासा हातून जात नाही. लहान मुलांना शिकवायलाही हीच काठी चांगली.

तिची मर्यादा एकच. दोरी काठीएवढीच, त्यामुळे लांबचा डोह गाठता येत नाही, आणि मोठा मासा पळाला तर त्याला द्यायला सैल दोरी नसते. ही अडचण ज्याला खरोखर येते, त्यानेच रिळाची काठी घ्यावी.

फायबर की कार्बन?

दुकानात दोन नावे कानावर पडतात. एक फायबर-ग्लास, दुसरे कार्बन किंवा ग्राफाइट. फायबर-ग्लासच्या काठ्या दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर पसरल्या, कार्बनच्या १९७० नंतर आल्या.

फायबर-ग्लास जड असते, पण चिवट. बैलगाडीत टाकली, मोटारसायकलला बांधली, पोरांनी आपटली, तरी सहसा तग धरते. वाकते भरपूर, त्यामुळे माशाचा हिसका स्वतः सोसते. कार्बन हलके आणि ताठ. दिवसभर हातात धरली तरी मनगट दुखत नाही, आणि माशाने आमिषाला नुसते तोंड लावले तरी हाताला कळते. पण तिला दगडावर बारीकशी खोच बसली तरी पुढे कधीतरी जोर पडल्यावर नेमकी तिथेच ती कडकन मोडते. काही काठ्यांत दोन्हींचे मिश्रण असते.

आमचे मत असे: पहिली काठी फायबर-ग्लासची किंवा मिश्रणाची घ्यावी. संथ पाण्यात आमिष टाकून बसायचे असेल तर काठी बहुतेक वेळ काठावर टेकवलेलीच असते. तिथे हलकेपणासाठी जादा पैसे का मोजावेत? मरळीसाठी नकली बेडूक किंवा मासळी दिवसभर फेकून ओढायची असेल, तर मात्र हलक्या काठीचे पैसे वसूल होतात.

अगदी स्वस्त काठीवर 'कार्बन' असे ठळक छापलेले असेल तर सावध राहा. छापायला शाईच लागते, कार्बन नाही.

लांबी आणि सांधे

आपल्या काठांना सात ते आठ फुटांची काठी पुरते. सहा फुटांपेक्षा आखूड काठीने काठावरच्या झुडपांवरून दोरी काढता येत नाही. नऊ-दहा फुटांच्या पुढे गेलात तर बाभळीच्या फांद्यांत शेंडा अडकतो.

काठी दोन प्रकारची मिळते. एक, दोन तुकडे सांध्यात बसवायची. दुसरी, छत्रीच्या दांड्यासारखी आत सरकणारी. सरकणारी काठी पिशवीत मावते, म्हणून ती मनात भरते. पण गोदावरीची बारीक वाळू तिच्या सांध्यांत शिरली की नळ्या अडकतात, नाहीतर घासून ढिल्या पडतात. शेंड्याची नळी काडीएवढी बारीक असते, तीच आधी मोडते. किंमत सारखी असेल तर डोळे झाकून दोन तुकड्यांची घ्यावी. सांधे कमी, भानगडी कमी.

काठीवरचे आकडे वाचा

मुठीच्या वर बारीक अक्षरांत आकडे छापलेले असतात. खताच्या पोत्यावरचे नत्र, स्फुरद, पालाश आपण वाचतो, तसे हेही वाचावेत. एक आकडा दोरीच्या ताकदीचा असतो, बहुधा पौंडात. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. '८-१७' असे असेल तर साडेतीन ते पावणेआठ किलो ताकदीची दोरी त्या काठीला योग्य. दुसरा आकडा फेकायच्या वजनाचा, ग्रॅममध्ये. '१०-३०' म्हणजे शिसे आणि आमिष मिळून दहा ते तीस ग्रॅम. त्याहून जड फेकले तर काठी मोडायची भीती, हलके फेकले तर लांब जायचे नाही.

काठीच्या जोराला हलकी, मध्यम, जड असे शब्द आहेत. आपल्याला मध्यम हवी. वरचे दोन्ही आकडे साधारण मध्यम काठीचे आहेत. ज्या काठीवर एकही आकडा नाही, ती घेऊ नये.

दुकानातली परीक्षा

"साहेब, इंपोर्टेड माल आहे, डोळे झाकून न्या," असे म्हटले की आपण डोळे उघडावेत. पुढील परीक्षा पाच मिनिटांत होतात आणि त्यांना पैसा लागत नाही.

पहिली, कापसाची. आपला जिल्हा कापसाचा, बोंडभर कापूस खिशात न्यायला काय जाते? काठीवरच्या प्रत्येक कडीच्या आतून कापूस फिरवावा. धागा अडकला की समजावे, कडीला चीर किंवा खरखर आहे. अशी कडी दोरी कापते, आणि मोठा मासा असताना कापते.

दुसरी, सरळपणाची. काठी जोडून बंदुकीसारखी डोळ्याला लावावी. सगळ्या कड्या एका ओळीत दिसल्या पाहिजेत. सात फुटी काठीला शेंड्याची धरून सात-आठ कड्या असाव्यात. चार-पाचच असतील तर कारखानदाराने पैसे वाचवलेत, आणि वाकताना सगळा ताण एकाच जागी येणार.

तिसरी, सांध्याची. जोडलेली काठी हलकेच हलवावी. सांध्यातून 'टक टक' आवाज आला तर ठेवून द्यावी.

चौथी, वाकवून बघायची. दोरी कड्यांतून ओवून दुसऱ्याला खाली धरायला सांगावे आणि काठी हळूहळू उचलावी. शेंड्यापासून मध्यापर्यंत एकसारखी कमान पडली पाहिजे. एकाच ठिकाणी कोन दिसला तर ती तिथेच मोडेल. हाताने शेंडा धरून मात्र वाकवू नये, चांगली काठीही त्याने मोडते.

पाचवी, रीळ बसवून. रीळ दुकानातच बसवून घट्ट होते का, हलते का, हे पाहावे. मुठीजवळचे चाक प्लॅस्टिकचे आणि आटे झिजलेले असतील तर भर पाण्यात रीळ हातात येते.

घरबसल्या मोबाइलवर मागवणाऱ्याला यातली एकही परीक्षा आधी करता येत नाही. मागवायचीच असेल तर परत घेण्याची सोय असेल तिथूनच मागवावी, आणि पार्सल आल्या दिवशीच या पाचही परीक्षा कराव्यात.

पैशाची वाटणी

बहुतेक मंडळी इथे चुकतात. सगळे पैसे काठीत घालतात आणि रीळ-दोरी मिळेल ती घेतात. भाव महिन्यागणिक बदलतात, म्हणून आम्ही भाव छापत नाही, वाटणी सांगतो. शंभर रुपये असतील तर चाळीस काठीला, चाळीस रिळाला, दहा दोरीला आणि दहा गळ, शिसे व हातजाळीला.

रिळाला इतके पैसे का? कारण मासा थकवतो तो रिळाचा ब्रेक. दुकानदार त्याला ड्रॅग म्हणतात. मासा जोरात पळाला की ब्रेक ठरावीक ताणावर दोरी सोडतो, म्हणून ती तुटत नाही. ब्रेक आवळून दोरी हाताने ओढून बघावी. एकसारखी, धक्के न देता सुटली पाहिजे. अडखळत सुटणारे रीळ नको. आत किती बेअरिंग आहेत याचा मोठा आकडा खोक्यावर छापलेला असतो, त्याला भुलू नये. तीन चांगल्या बेअरिंगचे रीळ दहा टाकाऊ बेअरिंगच्या रिळाला भारी.

दोरी म्हणजे नायलॉनचा तंगूस, ०.३० ते ०.३५ मि.मी. जाडीचा. याची ताकद साधारण पाच ते सात किलो असते. ब्रेक दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर लावावा. पाच किलोची दोरी असेल तर सव्वा ते दीड किलोवर. घरातल्या ताणकाट्याला दोरी बांधून ओढली की हे लगेच मोजता येते. दोन किलोचा रोहूच काय, पाच किलोचा कटलाही या ताणावर थकून काठाला येतो, कारण पाण्यात माशाचे वजन आपल्याला उचलावे लागत नाही. काठावर आणल्यावर मात्र काठीने उचलू नये. हातजाळी खाली घालावी. कितीतरी काठ्या मासा उचलतानाच मोडतात.

आमिष विकतचे नको. मरळ, वाम यांना गांडूळ. रोहू, मृगळ, सायप्रिनसला कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि थोडा गूळ किंवा काकवी मळून केलेली गोळी. गोडाचा वास त्यांना आवडतो. आपल्या भागात गुळाला काय तोटा?

सांभाळ

२०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. आपल्याकडे काठी सलग वापरात राहील याची खात्री नसते, दोन-दोन वर्षे ती घरात पडून राहते. पत्र्याखाली उन्हाळ्यात ठेवलेला तंगूस कुजतो. म्हणून काठी भिंतीला उभी टेकवू नये, दोन खुंट्यांवर आडवी ठेवावी. रिळाचा ब्रेक सैल करून ठेवावा. वापरल्यावर गोड्या पाण्याने वाळू धुऊन, पुसून ठेवावी. तंगूस दर हंगामाला गाठ मारून ओढून पाहावा, तुटला तर बदलावा. जुना तंगूस काठावर टाकू नका. तो वर्षानुवर्षे कुजून माती होत नाही, पाखरांच्या पायात आणि जनावरांच्या खुरांत अडकतो.

काठीपेक्षा जीव मोठा

आता सर्वांत महत्त्वाचे. कार्बनच्या काठीतून वीज वाहते. आपल्या नदीकाठांवर मोटारींच्या तारा, डीपी आणि लोंबलेल्या वाहिन्या किती आहेत, हे सांगायला नको. आठ फुटी काठी उभी धरून तारेखालून जाणे म्हणजे आपल्या हाताने जीव धोक्यात घालणे. उच्च दाबाच्या तारेला प्रत्यक्ष न टेकताही वीज उडी मारते. ओला बांबू आणि ओली फायबरची काठीही सुरक्षित समजू नये. नदीपर्यंत जाताना काठीचे तुकडे काढूनच न्यावेत, आणि वर तार असेल तिथे गळ टाकू नये.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवून पाण्यापासून दूर, पक्क्या घरात जावे. झाडाखाली उभे राहू नये. मासा पुन्हा मिळतो.

गोदावरीत उतरणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. १९७६ साली पूर्ण झालेल्या पैठणच्या जायकवाडी धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या गावांत, वर आभाळ निरभ्र असतानाही, पाणी चढते. गावात दवंडी किंवा सूचना आली की पात्रात थांबू नये. दुसरे, जिथे वाळू उपसली आहे तिथे गुडघाभर पाण्याशेजारी पुरुषभर खड्डा असतो आणि गढूळ पाण्यात तो दिसत नाही. अडकलेला गळ सोडवायला पाण्यात शिरू नका. गळ दोन-चार रुपयांचा.

पाणी सर्वांचे, पण मासा कुणाचा?

धरणांतली आणि तलावांतली मासेमारी शासन मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने देते. त्या संस्थांचे सभासद आपल्यासारखेच भागधारक. बोटुकली विकत घेऊन, सोडून, राखून त्यांनी मासा वाढवलेला असतो. आपल्या उसात कुणी विचारल्याशिवाय कोयता घातला तर आपल्याला चालेल का? तेव्हा जिथे ठेका आहे तिथे संस्थेला विचारूनच बसावे. मुंबईच्या पवई तलावावर गळाच्या हौशी मंडळींची महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन ही संस्थाच आहे. हौस असली तरी ती नियमात बसवता येते.

सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच गुन्हा ठरवले आहे. पावसाच्या सुरुवातीला मरळ आपल्या पिलांच्या थव्याची राखण करते. पाण्यावर लालसर पिले घोळक्याने दिसली तर तिथे गळ टाकू नये. ती एक मरळ काढली की बाकीचे मासे पिलांचा फडशा पाडतात.

सभासदांनी ध्यानात ठेवावे

१. कालवणापुरता मासा हवा तर वेळूची काठी पुरे.
२. विकत घ्यायची तर सात-आठ फुटी, दोन तुकड्यांची, मध्यम, फायबर-ग्लासची किंवा मिश्रणाची.
३. कड्या कापसाने तपासा, सांधा हलवून पाहा, आकडे वाचा.
४. जेवढे काठीला तेवढेच रिळाला.
५. तारेखाली काठी उभी नको, गडगडाटात पाण्याजवळ थांबणे नको.
६. ठेक्याच्या पाण्यात संस्थेची परवानगी.

काठी चांगली असली म्हणून मासा लागेलच असे नाही, ते नदीच्या मर्जीवर. पण लागला तर काठीपायी जाऊ नये, एवढे आपल्या हातात आहे.